भिंतीवरील बुरशी आणि निदानपरिवर्जन : कायदेमंडळास एक विनंती

आषाढ लागला की कोकणातील वैद्याच्या चिकित्सालयातील रुग्णांचा क्रम ठरून जातो. सकाळी प्रथम येतात ते रात्र बसून काढलेले तमकश्वासाचे रुग्ण. त्यांच्यामागून कास, प्रतिश्याय, शीतपित्त आणि कातडीवरील दद्रू घेऊन आलेली मंडळी. आपण या सर्वांस ऋतुस्वभाव म्हणतो, वर्षा ऋतूतील अग्निमांद्य व वातप्रकोप यांचा दाखला देतो, पथ्य सांगतो आणि औषधाची पुडी हाती ठेवतो. बी. ए. एम. एस. होऊन रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी व्यवसाय सुरू केल्यापासून बावीस पावसाळे मीही हेच करीत आले. त्यात एक त्रुटी राहून गेली होती. ती मला एका सात वर्षांच्या मुलीने दाखवून दिली. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन ती त्रुटी प्रांजळपणे मांडणे, आणि तिचे निराकरण केवळ आपल्या हाती नसून विधिमंडळाच्याही हाती आहे, हे दाखवून देणे एवढेच आहे.

ही मुलगी तीन वर्षे माझ्याकडे येत होती. छातीत घरघर, पहाटे वाढणारा श्वास, कोरडा कास. बालरोगतज्ज्ञांनी दिलेला पंप चालू होताच. त्याच्या जोडीला मी सितोपलादि, वासावलेह, छातीस सैंधवमिश्रित तैलाचा अभ्यंग व स्वेदन अशी योजना केली होती. उपशय मिळे, पण टिकत नसे. मे महिन्यात घाटावर आजोळी गेली की आठ दिवसांत तिचा श्वास मोकळा होई. परत आली की पंधरवड्यात पुन्हा तीच घरघर. आजोळचे हवामान कोरडे आहे, एवढ्यावरच मी थांबत असे. तिसऱ्या वर्षी भाद्रपदात तिची आई म्हणाली, "मॅडम, आजोळी तिला काहीच होत नाही हो. आमच्या खोलीतच काहीतरी आहे." तीन वर्षांत हा प्रश्न मी विचारायला हवा होता. तो मातेने विचारला.

त्याच सायंकाळी मी त्यांच्या घरी गेले. तळमजल्यावरची भाड्याची एक खोली व स्वयंपाकघर. दारातच कुबट वास आला. मुलीची गादी ज्या भिंतीलगत अंथरली जात होती, तेथील लोखंडी कपाट आम्ही पुढे ओढले. मागची भिंत जमिनीपासून छातीच्या उंचीपर्यंत काळपट हिरवी झालेली होती. गिलाव्याचे पोपडे सुटले होते, खालच्या भागास लोणा लागला होता. भिंतीपलीकडे शेजारच्या न्हाणीघराचे सांडपाणी वाहून नेणारा फुटका नळ होता. मातेने ती भिंत फिनेलने अनेकदा पुसली होती, दरवर्षी गणपतीपूर्वी तिच्यावर डिस्टेंपरचा हात मारला होता. महिन्याभरात डाग पुन्हा वर येत असे. घरमालकांकडे तक्रार केली असता, "पावसात कोणाची भिंत ओली होत नाही? तुम्ही कपडे घरात वाळत घालता म्हणून होते," असे उत्तर मिळाले होते.

चिकित्सेचे पहिले सूत्र निदानपरिवर्जन, हे आपण पहिल्या वर्षापासून पाठ करतो. परंतु रुग्णाचे निदान जेव्हा भिंतीत असते, आणि ती भिंत रुग्णाच्या मालकीची नसते, तेव्हा परिवर्जन कोणी करावयाचे?

संहितांतील वास्तुविचार

हा विषय आपल्या शास्त्रास नवा नाही. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानात श्वासाची कारणे सांगताना रज, धूम व वारा यांच्याबरोबर शीत स्थानातील वास्तव्याचा स्पष्ट उल्लेख केला आहे. सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात रुग्णगृहाची रचना सांगताना ते दृढ असावे, वाऱ्याच्या थेट माऱ्यापासून सुरक्षित तरी एका बाजूने हवा खेळती असावी, धूर, ऊन, पाणी व धूळ यांचा तेथे प्रवेश नसावा, असे म्हटले आहे. शारीरस्थानातील कुमारागाराच्या वर्णनात अंधार नसणे ही अट आवर्जून घातलेली आहे, आणि बालकाची वस्त्रे व अंथरुणे धूपित करण्यास सांगितले आहे. सुश्रुतांनी व्रणिताच्या निवासाचा स्वतंत्र अध्यायात विचार केला व तेथे सर्षप, निंबपत्र, घृत व लवण यांच्या धूपनाचा विधी दिला. वाग्भटांनी वर्षा ऋतुचर्येत बाष्प, शीत व तुषार यांपासून मुक्त अशा उंचावरील जागी राहण्यास आणि वस्त्रे धूपित ठेवण्यास सांगितले. जमिनीतून निघणारे बाष्प हे वर्षा ऋतूतील दोषप्रकोपाचे एक कारण होय, ही गोष्ट त्यांच्या दृष्टीतून सुटलेली नव्हती.

याहून महत्त्वाचा संदर्भ विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाचा आहे. वायू, जल, देश व काल यांची दुष्टी झाली म्हणजे भिन्न प्रकृतीच्या, भिन्न आहाराच्या माणसांना एकच व्याधी एकाच वेळी गाठते, हे तेथील मुख्य प्रतिपादन. त्या दुष्टीचे मूळ शोधताना चरकाचार्य देश, नगर व जनपद यांच्या प्रमुखांपर्यंत पोचतात. प्रमुखांनी आपला धर्म सोडून प्रजेशी वर्तन केले की त्यांच्या आश्रयाने राहणारे व व्यवहार करणारे तोच अधर्म वाढवितात, असा त्यांचा कार्यकारणभाव आहे. म्हणजेच सार्वजनिक आरोग्याचा हेतू शासनव्यवस्थेत शोधणे हे पाश्चात्त्य अनुकरण नव्हे. ती आपली संहितोक्त परंपरा आहे.

बुरशी म्हणजे काय, आणि काय नव्हे

बुरशीचे बीजाणू सर्वत्र हवेत असतात. त्यांना भिंतीवर मूळ धरण्यासाठी लागते ते मुख्यत्वे पाणी. रंगातील सेंद्रिय अंश, लाकूड, कागद, कापड, पृष्ठभागावरील धूळ यांवर तिचे पोषण होते. पृष्ठभागालगतची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास टिकून राहिली की बहुतेक प्रकार वाढू लागतात. म्हणूनच घरातील आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवावी व भिजलेले सामान २४ ते ४८ तासांत वाळवावे, असा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा सल्ला आहे. आपल्याकडे घरात प्रामुख्याने अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम व क्लॅडोस्पोरियम या जाती आढळतात. सतत भिजलेल्या कागद-पुठ्ठ्यासारख्या पदार्थांवर वाढणारी स्टॅकिबोट्रिस ही 'विषारी काळी बुरशी' म्हणून पाश्चात्त्य वृत्तपत्रांत विशेष गाजली.

येथे संयम आवश्यक आहे. सर्व काळे डाग विषारी नसतात, आणि डागाच्या रंगावरून विषारीपणा ठरविता येत नाही. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. ओलसर व बुरशीयुक्त वास्तू आणि नाक-घशाच्या तक्रारी, खोकला, घरघर व दम्याच्या रुग्णांमधील लक्षणांची वाढ यांच्यातील संबंधास पुरेसा पुरावा आहे, मात्र स्मृतिनाशासारख्या अनेक तक्रारींबाबत तो नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल व बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. युरोप, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, भारत व जपान येथील अंतर्गत वास्तूंपैकी १० ते ५० टक्के वास्तू ओलीने बाधित असाव्यात, असा अंदाज तीत नोंदविला आहे. आपण विधिमंडळापुढे जाताना एवढेच, पण एवढे निश्चितपणे, म्हणावे. अतिशयोक्तीने शास्त्राचीही हानी होते व मागणीचीही.

दुसरा एक गैरसमज दूर करणे आपले कर्तव्य आहे. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' या नावाने ज्या म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात थैमान घातले, तो व्याधी आणि भिंतीवरील काळा डाग या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या व्याधीस अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइडचा वापर ही प्रमुख पार्श्वभूमी होती. आजही भिंतीवरचा डाग दाखवून "डोळा काढावा लागेल का?" असे विचारणारे रुग्ण येतात. त्यांना धीर द्यावा, आणि त्याच वेळी भिंतीकडे दुर्लक्ष करू नये असेही सांगावे.

भारतातील आणखी एक पुरावा आपल्यापैकी प्रत्येकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. फुप्फुसाच्या अंतरालीय व्याधींची देशातील अनेक केंद्रांतून केलेली नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीत १,०८४ रुग्ण होते. त्यांपैकी सुमारे ४७ टक्के रुग्णांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस, म्हणजे श्वासावाटे गेलेल्या सेंद्रिय कणांच्या असात्म्यतेतून होणारा फुप्फुसशोथ, असल्याचे निदान झाले. या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या इतिवृत्तात हवा थंड करणाऱ्या कूलरचा संबंध होता. ओलसर राहिलेला कूलर हे बुरशीचे उत्तम घर. ही स्थिती वेळीच ओळखली नाही तर फुप्फुसात कायमचा व्रणवस्तू तयार होतो व तो मागे फिरत नाही. म्हणूनच हा विषय केवळ भिंतीच्या शोभेचा नाही.

घरे ओली का होतात

पूर्वीच्या कोकणी घराची रचना आठवून पाहावी. जांभ्या दगडाचे उंच जोते, उतरती कौले, भिंतींपासून दूर पागोळ्या टाकणारी रुंद वळचण, चहूबाजूंस पडवी. मृग लागण्याच्या आत पावसाच्या बाजूस माडाच्या झापांचा आडोसा बांधला जाई, जेणेकरून झड भिंतीवर येऊ नये. भिंतीस चुन्याचा हात दिला जाई. ताजा चुना तीव्र क्षारधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहजी धरत नाही. ती घरे निर्दोष होती असे नव्हे. चुलीच्या धुराने आपल्या आज्यांच्या छाती काळवंडल्या, हेही खरे. परंतु पाणी भिंतीपर्यंत येऊच द्यावयाचे नाही, हे तत्त्व त्यांत होते.

आज ज्या प्रदेशात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे घाटावरच्या नमुन्याची सपाट गच्चीची, वळचण नसलेली इमारत उभी राहते. जोत्यात ओलप्रतिबंधक थर नसला की जमिनीतील पाणी भिंतीतून वर चढते. न्हाणीघराचे नळ भिंतीत गाडलेले असतात, ते फुटले तरी कळत नाही. आतून तैलरंग लावून भिंतीचा श्वास कोंडला जातो. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत येते. मुंबईत गोवंडी-मानखुर्द परिसरातील तीन पुनर्वसन वसाहतींचा डॉक्टर्स फॉर यू ही संस्था व आयआयटी मुंबई यांनी केलेला अभ्यास २०१८ साली पुढे आला. प्रकाश व हवा कमी मिळणाऱ्या खालच्या मजल्यांवरील घरांत क्षयाचे प्रमाण अधिक असल्याचे त्यात दिसून आले. क्षय हा बुरशीचा व्याधी नव्हे. परंतु ज्या खोलीत सूर्य पोचत नाही, तेथे ओलही वाळत नाही. दोहोंचा हेतू एकच आहे.

महापुरांनी या प्रश्नास नवे परिमाण दिले. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ साली सांगली-कोल्हापूर, २०२१ साली चिपळूण पाण्याखाली गेले. पूर ओसरल्यावर चिखल उपसला जातो, पंचनामा होतो, भांडी-धान्याची नोंद होते. भिंतीने प्यायलेले पाणी मात्र कोणाच्याही नोंदीत येत नाही. त्याच भिंतींच्या शाळा व अंगणवाड्या काही दिवसांत सुरू होतात.

आजचा कायदा कोठे थांबतो

आपल्या व्यवसायाशी निगडित एक उदाहरण प्रथम घेऊ. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची 'टी' २००० साली आली. आयुर्वेदीय औषधनिर्मितीचे निकष तीत आहेत. औषधांचे कोठार हवेशीर व ओलीपासून मुक्त असावे, असे ती स्पष्ट शब्दांत सांगते. आपल्या गुडूची-शतावरीस बुरशी लागू नये म्हणून कायदा आहे, निरीक्षक आहे, परवाना रद्द होण्याचे भय आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र ज्या खोलीत सात वर्षांचे मूल रात्रीचे दहा तास श्वास घेते, त्या खोलीसाठी असे एकही स्पष्ट वाक्य आपल्या राज्यात मला आढळले नाही.

कायदे अगदीच नाहीत असे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा सुस्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. सूचना देऊनही दुरुस्ती न झाल्यास भाडेकरूने ती स्वतः करून मर्यादित खर्च भाड्यातून वळता करावा, अशीही तरतूद आहे. परंतु 'सुस्थिती' या शब्दात ओल व बुरशी येते काय, हे तेथे लिहिलेले नाही. अकरा महिन्यांच्या 'लीव्ह अँड लायसन्स' करारावर राहणाऱ्या कुटुंबास तर या कलमाचा आधार सहसा मिळत नाही. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष दाखवून दिल्यास विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा आहे. नव्या इमारतीतील गळतीसाठी हे उपयुक्त शस्त्र आहे, पण ते सहाव्या वर्षी बोथट होते. हवा प्रदूषण प्रतिबंधक अधिनियम, १९८१ व २००९ ची हवेची राष्ट्रीय मानके ही घराबाहेरील हवेची आहेत. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ मध्ये वायुवीजनाचा विचार आहे, परंतु स्थानिक नियमांत उतरल्याखेरीज ती कोणास बांधील करीत नाही.

गंमत अशी की १९४८ च्या कारखाना अधिनियमात चुना लावलेल्या भिंतींना किमान दर चौदा महिन्यांनी पुन्हा चुना देण्याची सक्ती होती. गिरणीच्या भिंतीसाठी महिने मोजणाऱ्या आपल्या कायद्याने शाळेच्या व शयनगृहाच्या भिंतीसाठी कधी महिने मोजले नाहीत.

हा विषय दयेचा नाही, हक्काचा आहे. चमेलीसिंग प्रकरणी १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निवाऱ्याच्या हक्कात सुरक्षित वास्तू, पुरेसा प्रकाश, शुद्ध हवा व पाणी यांचा समावेश केला. राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच तो भाग होय. न्यायालयाने तत्त्व सांगितले. त्याचे नियमांत रूपांतर करणे हे विधिमंडळाचे काम आहे.

इतर देशांनी काय केले

कॅलिफोर्निया राज्याने २००१ साली विषारी बुरशी संरक्षण कायदा केला. हवेत किती बीजाणू असले म्हणजे धोका, याची मर्यादा ठरविण्यास आरोग्य विभागास सांगण्यात आले. अनेक वर्षांनंतर विभागाने कळविले की अशी आकड्यांतील मर्यादा शास्त्रीय आधाराने ठरविता येत नाही. अखेर २०१५ साली गृहनिर्माणविषयक कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१६ पासून डोळ्यांस दिसणारी बुरशी हाच वास्तूचा दोष मानला जाऊ लागला. आपण हा धडा प्रारंभीच घ्यावा. बीजाणू मोजण्याच्या यंत्राची वाट पाहत बसू नये. डोळा, नाक व हाताचा स्पर्श ही प्रमाणे पुरेशी आहेत. दर्शन-स्पर्शनाचे महत्त्व वैद्यास वेगळे सांगावयास नको.

न्यूयॉर्क शहराच्या २०१८ च्या स्थानिक कायदा क्रमांक ५५ ने तीन वा अधिक सदनिका असलेल्या इमारतींच्या मालकांवर बुरशी व अन्य असात्म्यकारक घटकांची वार्षिक तपासणी करण्याचे व मूळ कारणासह ते दूर करण्याचे दायित्व टाकले.

सर्वांत हृदयद्रावक कथा इंग्लंडमधील रॉचडेल येथील आहे. अवाब नावाचा दोन वर्षांचा बालक डिसेंबर २०२० मध्ये श्वसनविकाराने दगावला. घरातील बुरशीच्या दीर्घ संसर्गामुळे हा मृत्यू झाला, असा निर्णय मृत्युसमीक्षकांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. त्याच्या पित्याने २०१७ सालीच तक्रार केली होती, तेव्हा त्यास डागावर रंग मारण्यास सांगण्यात आले होते. कुटुंबाच्या राहणीमानासही दोष देण्यात आला होता. हे वाचताना मला "तुम्ही कपडे घरात वाळत घालता" हे आमच्या गावचे वाक्य आठवले. त्या बालकाच्या नावाने २०२३ साली कायद्यात तरतूद झाली व २७ ऑक्टोबर २०२५ पासून तिचा पहिला टप्पा अमलात आला. सामाजिक गृहसंस्थांनी तातडीचा धोका चोवीस तासांत दूर करावा, गंभीर ओल व बुरशीची पाहणी कामकाजाच्या दहा दिवसांत करावी आणि धोका आढळल्यास पुढील पाच दिवसांत घर सुरक्षित करावे, असे बंधन आता तेथे आहे. इंग्लंडला त्यासाठी एक बालक गमवावे लागले. आपण तशी वाट पाहू नये.

आपल्या मागण्या

संघटनेच्या वतीने राज्यातील सर्व लोकप्रतिनिधींना सादर करण्यासाठी मी पुढील मुद्दे सुचवीत आहे.

एक, डोळ्यांस दिसणारी बुरशी, कायमची ओल व कुबट वास यांना कायद्यात 'निवासास बाधक दोष' अशी स्पष्ट व्याख्या द्यावी. बीजाणूंच्या संख्येची अट घालू नये.

दोन, भाडे नियंत्रण अधिनियमातील दुरुस्तीच्या कर्तव्यात हा दोष नावाने समाविष्ट करावा. लीव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्यांनाही ते संरक्षण द्यावे, आणि तक्रार केली म्हणून जागा सोडण्यास भाग पाडणे दंडनीय ठरवावे.

तीन, पाहणी व दुरुस्ती यांस दिवसांची मुदत असावी. बालक, गर्भिणी, वृद्ध वा श्वासरुग्ण त्या घरात असल्यास ती निम्मी असावी. रंग मारणे ही दुरुस्ती समजली जाऊ नये. पाण्याचे मूळ बंद करणे हीच दुरुस्ती.

चार, शाळा, अंगणवाड्या, आश्रमशाळा, वसतिगृहे, आरोग्य केंद्रे व शासकीय निवासस्थाने यांची पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल त्या इमारतीच्याच सूचनाफलकावर लावावा.

पाच, पूरग्रस्त भागातील सार्वजनिक इमारत भिंती वाळल्याचे तपासल्याशिवाय पुन्हा वापरात आणू नये. पंचनाम्यात भिंतीच्या ओलीची नोंद व्हावी.

सहा, पुनर्वसन इमारतींत प्रत्येक मजल्यास पुरेसा प्रकाश व वारा मिळेल इतके अंतर ठेवणे बंधनकारक असावे. अतिवृष्टीच्या जिल्ह्यांत ओलप्रतिबंधक थर व छज्जा यांशिवाय बांधकाम परवानगी देऊ नये.

यांतील खर्चाचा आक्षेप येईल. छोट्या घरमालकाचेही पोट त्या भाड्यावर असते, हे मला ठाऊक आहे. माझ्या रुग्णेचे घरमालकही निवृत्तिवेतनावर जगणारे गृहस्थ होते. म्हणून अशा मालकांस दुरुस्तीसाठी अल्प व्याजाचे कर्ज वा मालमत्ता करात सवलत मिळावी, ही मागणीही आपण त्याच निवेदनात जोडली पाहिजे. कायद्याने कोणास शत्रू ठरविण्याचे कारण नाही.

वैद्यांचे कर्तव्य

शासनास उपदेश करण्यापूर्वी आपले घर पाहावे. पावसाळ्यात आपल्या चिकित्सालयांतील प्रतीक्षाकक्षाची भिंत, औषधांच्या कपाटाची मागची बाजू, पंचकर्म कक्षातील सतत ओलसर लाकडी द्रोणी यांची तपासणी आपण करतो काय? श्वास, कास व शीतपित्ताच्या प्रत्येक रुग्णास इतिवृत्त घेताना तीन प्रश्न विचारावेत. आपण झोपता तेथील भिंतीस ओल आहे काय? घरात कुबट वास येतो काय? गावाबाहेर गेल्यावर त्रास कमी होतो काय? उत्तरांची तारखेसह नोंद ठेवावी. एका तालुक्यातील वीस वैद्यांनी दोन पावसाळे अशी नोंद केली, तर आमदारांपुढे ठेवण्यास आपल्याजवळ केवळ तक्रार नव्हे, प्रमाण असेल.

धूपनाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. निंब-सर्षप-गुग्गुळाचे धूपन ही आपली मौल्यवान परंपरा आहे, परंतु पाझरणारी भिंत धूपनाने वाळत नाही. रज व धूम ही श्वासाची कारणे सांगणाऱ्या शास्त्राचे अनुयायी आपण. श्वासरुग्णास धुराच्या खोलीत बसविणे सर्वथा त्याज्य आहे. तसेच ज्या रुग्णाचा श्वास परिश्रमाने वाढतच जातो, कोरडा कास महिनोन्‌महिने टिकतो, वजन घटते, त्यास विनाविलंब फुप्फुसतज्ज्ञांकडे पाठवावे. चालू असलेला पंप आपल्या सल्ल्याने कोणी बंद करू नये.

आता त्या मुलीविषयी. मार्गशीर्षात तिच्या आई-वडिलांनी दुसऱ्या आळीत, वरच्या मजल्यावर, थोड्या अधिक भाड्याची खोली घेतली. त्यासाठी वडिलांनी रात्रपाळी धरली. पुढच्या पावसाळ्यात तिचे वेग पुष्कळ कमी झाले. औषध तेच होते. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मी जाणते. परंतु ही हकीकत येथे संपली नाही. जुन्या खोलीस रंगाचा हात देण्यात आला व पौषात ती पुन्हा भाड्याने गेली. श्रावणात एक तरुण माता चार महिन्यांचे तान्हे बाळ घेऊन माझ्याकडे आली. बाळाच्या छातीत घरघर होती. मी पत्ता विचारला. पत्ता तोच होता.

एका रुग्णाचे निदानपरिवर्जन झाले, आणि तेच निदान दुसऱ्या रुग्णाच्या वाट्यास गेले. वैद्याचे सामर्थ्य येथे संपते. यापुढचे काम ज्यांच्या हाती आहे, त्यांना आपण लिहिले पाहिजे. येत्या अधिवेशनापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या मतदारसंघातील आमदारांस वरील निवेदन स्वतः नेऊन द्यावे, ही नम्र विनंती. त्या बाळाच्या मातेस मी भिंतीपासून गादी दूर करण्यास सांगितले आहे. खोली दहा फुटांची आहे.